शाळेच्या प्रयोगशाळेतला संशोधक : जॉर्ज सायमन ओहम

शास्त्रज्ञ म्हटला की त्याच्यामागे एखादे विद्यापीठ, एखादी अकादमी किंवा एखाद्या धनिकाचे पाठबळ असावे अशी आपली समजूत असते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपापुरती ती बहुतांशी खरीही आहे. या समजुतीला छेद देणारे एक नाव आपणां सर्वांच्या पाठ्यपुस्तकात होते. विद्युतधारेचा मूलभूत नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जॉर्ज सायमन ओहम हा नियम शोधत असताना एका माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत होते. आणि ज्या प्रयोगांतून तो नियम हाती आला ते प्रयोग शाळेच्याच प्रयोगशाळेत झाले. शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात एका शास्त्रज्ञाचे चरित्र द्यायचे, तर ते यांचेच असावे असे मला वाटले.

नियम तसा दोन ओळींचा आहे. वाहकाची भौतिक अवस्था, विशेषतः तापमान, कायम असेल तर त्यातून वाहणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात असते. आणि विभवांतराला धारेने भागले असता जी स्थिर संख्या येते, तिला त्या वाहकाचा विद्युतरोध म्हणतात. दहावीच्या वर्गात आपण घट, कळ, प्रवाहमापी आणि व्होल्टमापी जोडून पाच-सहा निरीक्षणे घेतली, आलेख काढला, सरळ रेषा आली आणि पस्तीस मिनिटांचा तास संपला. नियम इतका सोपा वाटतो की तो कुणाला शोधावा लागला असेल हेच मनात येत नाही. परंतु ओहम यांच्यापुढे प्रवाहमापी नव्हता, व्होल्टमापी नव्हता. इतकेच नव्हे, तर धारा, विभवांतर आणि रोध या तीन कल्पनाच एकमेकींपासून अजून स्वच्छ वेगळ्या झाल्या नव्हत्या. जे मोजायचे त्याची व्याख्या नाही आणि ज्याने मोजायचे ते उपकरण नाही, अशा अवस्थेत त्यांनी आरंभ केला.

त्यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी, आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात असलेल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे बनवणारे कारागीर होते आणि आई मारिया एलिझाबेथ ही शिंप्याची मुलगी. सात अपत्यांपैकी तीनच जगली : जॉर्ज, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांना उच्च शिक्षण मिळालेले नव्हते. पण या गृहस्थाने भट्टी आणि ऐरण सांभाळून, स्वतःच्या बळावर गणिताचा चांगलाच अभ्यास केला होता. मुलांना त्यांनी घरीच गणित, भौतिकशास्त्र, रसायन आणि तत्त्वज्ञान शिकवले. गावातील माध्यमिक शाळेत जॉर्ज चार वर्षे होता, परंतु तिथले शिक्षण मुख्यतः पाठांतराचे होते आणि वडिलांच्या शिकवणीपुढे त्याला ते फिके वाटले. एर्लांगेन विद्यापीठातील लांग्सडोर्फ या प्राध्यापकांनी या दोन भावांची परीक्षा घेतली आणि बर्नुली या प्रसिद्ध गणिती घराण्याशी त्यांची तुलना केली. मार्टिन पुढे बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, तेव्हा ही तुलना अगदीच अस्थानी होती असे म्हणता येत नाही.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि, पालकांनी कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे, अभ्यास सोडून नाच, बर्फावरची घसरण आणि बिलियर्ड्स यांतच रमला. कारागिराच्या कष्टाचा पैसा असा उधळलेला वडिलांना सोसला नाही. तीन सत्रांनंतर त्यांनी मुलाचे विद्यापीठ बंद केले आणि त्याला स्वित्झर्लंडला धाडून दिले. सतराव्या वर्षी, सप्टेंबर १८०६ मध्ये, हा मुलगा गोटश्टाट येथील एका शाळेत गणित शिकवू लागला. शिक्षा म्हणून मिळालेला हा व्यवसाय पुढे त्याचा जन्माचा व्यवसाय ठरला. लांग्सडोर्फ हायडेलबर्गला गेले तेव्हा जॉर्जला त्यांच्यामागे जायचे होते. पण त्यांनी सल्ला दिला की ऑयलर आणि लाप्लास यांचे ग्रंथ स्वतःच वाच. तो त्याने मानला. दिवसा शिकवणी आणि रात्री ऑयलर असा क्रम काही वर्षे चालला. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली तरी भाकरीचा प्रश्न सुटला नाही. ओहम यांनी विद्यापीठात तीन सत्रे अध्यापन केले. परंतु तिथल्या तुटपुंज्या मिळकतीवर निर्वाह होईना आणि बढतीची आशाही दिसेना. १८१३ मध्ये त्यांनी बांबेर्ग येथील एका सामान्य दर्जाच्या शाळेत नोकरी धरली. तीन वर्षांनी ती शाळाच बंद पडली आणि त्यांना गावातल्याच दुसऱ्या, खच्चून भरलेल्या शाळेत मदतनीस म्हणून पाठवण्यात आले. या काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. प्रमेये पाठ करवून घेण्यापेक्षा विद्यार्थ्याची विचार करण्याची शक्ती वाढवण्यासाठी भूमिती शिकवावी, असे त्याचे सूत्र होते. पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी प्रशियाच्या राजाकडे पाठवले. सप्टेंबर १८१७ मध्ये त्यांना प्रशियाच्या अमलाखालील कलोन शहरातील जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून बोलावणे आले.

ही शाळा त्यांच्या आयुष्यातील मोठे भाग्य होते. तिथे भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती आणि ती वापरण्याची मुभा होती. वडिलांच्या कार्यशाळेत धातू कापणे, तार ओढणे, सांधे जुळवणे हे हातांना लहानपणीच वळण लागलेले होते. त्याचबरोबर त्यांनी लाग्रांज, लाप्लास, पॉयसाँ आणि फूरिये यांचे ग्रंथ नेटाने वाचले. एका माणसात कारागिराचे हात आणि गणितज्ञाची बुद्धी एकत्र यावी हा योग विरळाच, आणि पुढे जे घडले त्यात या दोहोंपैकी एक जरी नसते तरी काम अडले असते.

व्होल्टाने १८०० मध्ये विद्युतघटांची चळत तयार केली आणि सतत वाहणारी वीज प्रथमच माणसाच्या हाती आली. १८२० मध्ये कोपनहेगनच्या अर्स्टेड यांनी दाखवले की वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते. या शोधाने साऱ्या युरोपात खळबळ माजली. ओहम यांना त्यात मोजमापाची संधी दिसली. सूची जितकी अधिक वळेल तितका विजेचा प्रवाह अधिक. म्हणजे चुंबकसूची हाच प्रवाहमापी. तारेची लांबी वाढवली तर प्रवाह किती घटतो, एवढा साधा प्रश्न त्यांनी स्वतःपुढे ठेवला.

१८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि तो चुकला होता. लांबी आणि प्रवाहातील घट यांचा संबंध त्यांनी लॉगरिदमच्या सूत्रात बसवला होता. दोष विद्युतघटाचा होता. त्या काळच्या घटाचा परिपथ जोडताच त्याचा जोर ओसरू लागे, तोडला की पुन्हा चढे. अशा चढउतार करणाऱ्या घटाने वेगवेगळ्या तारांची तुलना करणे म्हणजे वाळूचा डोंगर वितळत असताना त्याची उंची मोजण्यासारखे होते. ओहम यांना हा दोष लवकरच जाणवला. शाळेत शिकवण्याचे काम, विद्यापीठात जाण्याची आस आणि छापून झालेले चुकीचे सूत्र अशा स्थितीत पुष्कळांनी मौन पत्करले असते. त्यांनी मात्र प्रयोग नव्याने मांडायचे ठरवले.

तोडगा पोगेनडोर्फ या नियतकालिकाच्या संपादकाने सुचवला : रासायनिक घटाऐवजी उष्णतेवर चालणारा घट घ्यावा. दोन भिन्न धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला तर परिपथात वीज वाहते, हे टोमास झेबेक यांना काही वर्षांपूर्वीच आढळले होते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळते आणि बर्फ वितळते ती तापमाने ठरलेली. म्हणून या घटाचा जोरही तासन् तास तसाच राहतो. सुचवलेली कल्पना दुसऱ्याची, शोध तिसऱ्याचा. पण त्यातली नेमकी ताकद ओळखून तिचा वापर करणे हे काम ओहम यांचे.

प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी पिळाचा तराजू स्वतः तयार केला. चपट्या केलेल्या सोन्याच्या तारेला चुंबकसूची टांगलेली; खाली वीज वाहणारी पट्टी. प्रवाहामुळे सूची वळली की वरची चकती फिरवून तारेला पीळ द्यायचा आणि सूची पुन्हा मूळ जागी आणायची. किती पीळ द्यावा लागला ते चकतीवर एका फेऱ्याच्या शंभराव्या भागापर्यंत वाचायचे. सूची दर वेळी त्याच जागी असल्याने तिच्यावरील चुंबकीय बलांची तुलना सरळ होते. कुलूपवाल्याच्या मुलाचे कसब इथे दिसते.

मग त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा कापल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. जानेवारी १८२६ मध्ये, कलोनच्या थंडीत, एकामागून एक तार परिपथात घालून त्यांनी वाचने घेतली. दोन इंची तारेला ३२६¾ इतका पीळ लागला आणि १३० इंची तारेला ४८½. लांबी ६५ पट झाली, प्रवाह मात्र सातव्या भागापर्यंतही उतरला नाही. हा आकडा पाहून एखादा गोंधळून गेला असता. ओहम यांनी त्यातला अर्थ ओळखला : वीज फक्त त्या तारेतून जात नाही, बिस्मथमधून, जोडपट्ट्यांतून, साऱ्या परिपथातून जाते. तेव्हा उरलेल्या परिपथाचा अडथळा जणू आणखी एखाद्या तारेइतका धरला पाहिजे. ती काल्पनिक तार २०¼ इंचांची निघाली. आता २ मध्ये २०¼ मिळवा, १३० मध्येही मिळवा. २२¼ आणि १५०¼ यांचे गुणोत्तर सुमारे पावणेसात येते, आणि ३२६¾ ला ४८½ ने भागले तरी तेच. ७२८५ ही एक ठरावीक संख्या घेऊन तिला लांबी अधिक २०¼ ने भागले की आठही तारांची वाचने थोड्याफार फरकाने निघतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी दहावीतले मूल आहे त्यांनी हे गणित त्याच्याकडून करवून घ्यावे. दोनशे वर्षांपूर्वीचे आकडे आजही तसेच जुळतात याचा आनंद पाठ्यपुस्तकातील व्याख्येत मिळत नाही.

यापुढचे पाऊल निर्णायक होते. त्यांनी सांध्यांच्या तापमानातील फरक कमी केला, म्हणजे घटाचा जोर कमी केला, आणि तारा तशाच ठेवून पुन्हा वाचने घेतली. वरची संख्या उतरली. २०¼ मात्र हलली नाही. याचा अर्थ असा की सूत्रातील दोन राशी एकमेकींपासून खरोखरच स्वतंत्र आहेत. एक राशी विजेला ढकलणाऱ्या बलाची, दुसरी तिला होणाऱ्या अडथळ्याची. प्रवाह म्हणजे पहिलीला दुसरीने भागून येणारी संख्या. विभवांतर, रोध आणि धारा या तीन कल्पना त्या दिवशी एका शाळेत वेगळ्या झाल्या. विद्युतशास्त्राच्या सगळ्या इतिहासात याहून मोठे प्रयोग झाले असतील. पण इतक्या साध्या सामग्रीतून इतके स्पष्ट उत्तर क्वचितच निघाले आहे, असे माझे मत आहे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८१ मध्येच अशा स्वरूपाचा नियम आढळला होता. त्यांच्यापाशी चुंबकसूचीचे साधन नव्हते, म्हणून त्यांनी विजेचे झटके स्वतःच्या शरीरात घेऊन त्यांची तीव्रता ताडून पाहिली होती. परंतु या एकलकोंड्या गृहस्थाने ते प्रसिद्धच केले नाही. मॅक्सवेल यांनी ते कागद १८७९ मध्ये छापले तेव्हा जगाला समजले. ओहम यांना याची वार्ताही नव्हती.

प्रयोगाचे सूत्र हाती आले, तरी ओहम यांना ते मुळापासून सिद्ध करायचे होते. अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन ऑगस्ट १८२६ मध्ये ते बर्लिनला भावाकडे गेले. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युत परिपथाचे गणिती विवेचन हा त्याचा विषय. फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते. लोखंडी गजाचे एक टोक भट्टीत असेल तर उष्णता दुसऱ्या टोकाकडे वाहते. वाहण्याचा वेग तापमानातील उतारावर अवलंबून. ओहम यांनी उष्णतेच्या जागी वीज आणि तापमानाच्या जागी विद्युत अवस्थेतील फरक ठेवला. लोहाराच्या भट्टीशेजारी वाढलेल्या माणसाला ही उपमा परकी वाटली नसणार. आपल्याकडे पाण्याच्या पाटाचा दाखला देतात तोही याच जातीचा : उतार अधिक तर पाणी जोरात, पाट अरुंद आणि लांब तर पाणी कमी. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट, छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा, हे सारे त्यातून ओघाने आले.

या ग्रंथाच्या भरवशावर विद्यापीठात जागा मिळेल अशी ओहम यांची खात्री होती. ती खोटी ठरली. त्या वेळच्या जर्मनीतील अनेक भौतिकशास्त्रज्ञांना निसर्गाचे वर्णन प्रयोग आणि शब्द यांतून व्हावे असे वाटे. गणिताचा एवढा भार त्यांना उपरा वाटला. बर्लिनमध्ये तर हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा अंमल होता. पोल नावाच्या एका प्राध्यापकाने ग्रंथावर अत्यंत कडवट टीका लिहिली. शिक्षणखात्याकडून ओहम यांना काहीच उत्तेजन मिळाले नाही. लोकप्रिय पुस्तकांत त्यांना नोकरीवरून काढून टाकल्याची कथा वाचायला मिळते. वस्तुस्थिती याहून अधिक बोचणारी आहे : दुखावलेल्या मनाने त्यांनी स्वतःच १८२८ मध्ये कलोनच्या जागेचा राजीनामा दिला. ज्या शाळेने प्रयोगशाळा दिली ती सुटली आणि विद्यापीठाचे दार उघडले नाही. वय एकोणचाळीस. पुढची पाच-सहा वर्षे ते बर्लिनमध्ये सैनिकी विद्यालयात गणिताचे थोडे तास घेऊन राहिले. विजेवरील त्यांचे संशोधन या काळात बहुतांशी थंडावले.

त्यांच्या पश्चात मात्र सगळीकडे शांतता होती असे समजू नये. लाइपझिगचे फेख्नर यांनी १८३१ मध्ये स्वतंत्र प्रयोगांनी नियम पडताळून पाहिला. सेंट पीटर्सबर्गमध्ये लेन्झ यांनी तो वापरला. फ्रान्समध्ये पुये यांनी १८३७ मध्ये तसेच निष्कर्ष मांडले आणि त्या निमित्ताने शोधाचे श्रेय कुणाचे याची चर्चा सुरू झाली. ओहम यांना १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले होते. १८३९ मध्ये ते तिथले प्रमुख झाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपला सर्वोच्च मान, कोप्ली पदक, त्यांना दिले आणि त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. ग्रंथ छापून चौदा वर्षे झाली होती. मायदेशाच्या आधी परदेशाने ओळखावे हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

ओहम यांच्या एका नियमावर साऱ्या परिपथाचे गणित उभे करण्याचे काम कोनिग्सबर्गच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केले. गुस्टाफ किरखॉफ हे त्याचे नाव आणि १८४५ हे साल. त्याचे दोन नियम असे : तारा जिथे मिळतात त्या संधीत जितकी धारा येते तितकीच बाहेर पडते, आणि परिपथातील कोणत्याही बंद वाटेने एक फेरी मारली तर घटांनी दिलेले विभव आणि रोधांवर खर्ची पडलेले विभव यांचा मेळ बसतो. पहिला नियम विजेचा साठा कुठे तुंबत नाही हे सांगतो, दुसरा ऊर्जेचा हिशेब चुकू देत नाही. ओहम यांच्या सिद्धांतातील एक मूळ उणीवही किरखॉफ यांनीच १८४९ मध्ये दूर केली. तारेच्या अंतर्भागात वीज उष्णतेसारखी साठून असते असे ओहम यांनी गृहीत धरले होते, ते टिकणारे नव्हते. त्या जागी विभवाची आजची कल्पना आली. सूत्राला त्यामुळे धक्का लागला नाही.

आपल्या घरातील वायरिंग या नियमांवरच उभी आहे. दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ किंवा तिचा एक भाग अंधारत असे, कारण दिवे एकसर जोडणीत असत आणि तीच धारा सर्वांतून जाई. घरातले पंखे-दिवे समांतर असतात. प्रत्येकाला २३० व्होल्ट स्वतंत्र मिळतात. १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर धारा घेते, म्हणजे तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास. नियमाची मर्यादाही घरातच दिसे : जुन्या १०० वॉटच्या बल्बची तार पेटलेली असताना तिचा रोध सुमारे ५२९ ओहम असे, आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तापमान कायम असेल तर ही अट ओहमच्या नियमात का घालतात ते यावरून कळते.

या नियमाला व्यवहारात खरी गरज भासली ती तारायंत्राच्या युगात. शेकडो मैल तारेत कुठेतरी दोष आला तर तो शोधायचा कसा? मैलामागे रोध किती हे ठाऊक असेल, तर तारघरात बसून रोध मोजता येतो आणि दोष किती मैलांवर आहे ते सांगता येते. आपल्या देशात १८५५ मध्ये तारायंत्र जनतेसाठी खुले झाले आणि कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे जोडली गेली. पुढे भारतीय तारखात्यातील लुई श्वेंडलर यांनी तारांच्या तपासणीवर सविस्तर मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. त्याचा पाया अर्थातच हाच नियम. समुद्रतळावरील तारांनी तर मोजमापाला एकच एकक असावे अशी निकड निर्माण केली. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली, आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले. त्याच परिषदेत व्होल्ट आणि अँपिअर ही नावेही ठरली. एक अँपिअर धारा वाहण्यास एक व्होल्ट विभवांतर लागत असेल तर रोध एक ओहम : तिघांची नावे एका वाक्यात आली.

हे पाहायला ओहम नव्हते. न्यूरेम्बर्गमध्ये त्यांनी आवाजाच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला होता. कान मिश्र ध्वनी त्याच्या साध्या घटक-सुरांत विभागून ऐकतो, असे त्यांनी १८४३ मध्ये मांडले. त्यावर आउगुस्ट झेबेक यांनी जोरदार हरकत घेतली. ज्या टोमास झेबेक यांच्या शोधाने ओहम यांचा प्रयोग तडीस गेला, त्यांचेच हे चिरंजीव. वादात ओहम यांना माघार घ्यावी लागली, पण पुढे हेल्महोल्ट्झ यांनी त्यांचे मत उचलून धरले. ओहम यांनी लग्न केले नाही. प्रकृतीही साथ देईनाशी झाली.

१८४९ मध्ये म्युनिकच्या अकादमीतील भौतिक उपकरणांच्या संग्रहाचे पालकत्व त्यांच्याकडे आले आणि विद्यापीठात व्याख्याने देण्याची संधी मिळाली. १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या पदाच्या आशेने त्यांनी कलोन सोडले होते ते पदरात पडायला जवळजवळ पाव शतक लागले. पद दोनच वर्षे लाभले. रेणूंच्या भौतिकीवर अनेक खंडांचा मोठा ग्रंथ त्यांनी योजला होता. त्याचा पहिलाच खंड निघाला आणि काम तिथेच राहिले. हातात वेळ थोडा असता त्यांनी आपल्या व्याख्यानांना जोड म्हणून विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक मात्र लिहून पूर्ण केले. ते १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ६ जुलै रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.